डोक्याच्या मापाची लोकरी टोपी

विणकाम शिकणाऱ्याला बहुतेक जण सांगतात, ‘आधी टोपी कर, सोपी असते.’ विणायला ती सोपी आहेच. बसवायला मात्र नाही. स्वेटर दोन बोटं सैल झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. टोपी दोन बोटं सैल झाली की डोळ्यांवर उतरते आणि घट्ट झाली की कपाळावर लाल वळ उठवते. मी विणलेल्या पहिल्या तीन टोप्यांपैकी एकही ज्याच्यासाठी केली त्याला बसली नाही. शेवटची तर त्याच्या नाकापर्यंत आली. पुस्तकात ‘१०४ टाके घाला’ असं लिहिलेलं होतं, मी ते मुकाट्याने घातले होते. ज्याने ते पुस्तक लिहिलं त्याला ना माझ्या हाताचा ताण माहीत होता, ना त्या मुलाचं डोकं.

म्हणून इथे तयार आकड्यांपेक्षा आकडा काढायचा कसा, यावर जास्त लिहिलं आहे. सुलट टाका, उलट टाका आणि दोन टाक्यांचा एक करणं, एवढं येत असेल तर पुरे.

डोकं मोजताना

टेप भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरच्या कडेवरून आणि मागे डोकं जिथे सर्वांत जास्त बाहेर आलेलं असतं तिथून फिरवा. टेप आवळू नका, लोंबू देऊ नका. त्याखाली एक बोट जेमतेम सरकलं पाहिजे. दोनदा मोजा आणि मोठा आकडा धरा. हा झाला डोक्याचा घेर.

दुसरं माप बरेच जण घेतच नाहीत आणि मग टोपी कानांवरून वर सरकत राहते. एका कानाच्या पाळीच्या खालच्या टोकापासून टाळूवरून दुसऱ्या कानाच्या पाळीपर्यंत टेप न्या. येईल त्याचं निम्मं म्हणजे टोपीची उंची, काठापासून माथ्याच्या मध्यबिंदूपर्यंत. त्यात एक सेंटिमीटर मिळवा, कारण विणलेलं कापड आडवं ताणलं की उभं आखडतं. मोठ्या माणसाचं हे माप ४२ च्या आसपास भरलं, तर उंची २१ अधिक १, म्हणजे २२ सेंटिमीटर.

केस दाट असतील, किंवा अंबाडा घालून वरून टोपी घालायची सवय असेल, तर केस तसेच ठेवून मोजा. टोपी ज्या अवस्थेत घातली जाणार, त्या अवस्थेतलं माप खरं.

भेट म्हणून गुपचूप विणायची असेल तर टेप काढता येत नाही. अशा वेळी त्या माणसाची हेल्मेट किंवा कडक टोपी हाताशी लागते का बघा. आत सेंटिमीटरमध्ये छापलेला आकडा हा सहसा डोक्याचाच घेर असतो. जुनी विणलेली टोपी मोजून काही उपयोग नाही, ती किती ताणली गेली आहे ते कळत नाही. काहीच मिळालं नाही तर ढोबळ अंदाज असा: नवजात बाळ ३५ सेंटिमीटर, वर्षाचं मूल ४६, पाच वर्षांचं ५१, दहा वर्षांचं ५३, बाई ५५ ते ५६, पुरुष ५७ ते ५८. एकाच वयाच्या दोन डोक्यांत तीन-चार सेंटिमीटरचा फरक सहज असतो, तेव्हा अंदाजाची टोपी करायचीच असेल तर ताणली जाणारी, रुंद बॉर्डरची करा.

आता खरी गोम. टोपी डोक्याएवढी विणायची नसते, डोक्यापेक्षा लहान विणायची असते. विणलेलं कापड ताणलं जातं, आणि त्या ताणामुळेच ते डोक्याला धरून राहतं. चांगल्या लोकरीची टोपी डोक्याच्या घेरापेक्षा ८ ते १० टक्के कमी ठेवा. डोकं ५६ असेल तर टोपी ५१ सेंटिमीटरच्या आसपास. ॲक्रिलिकला ताणून परत येण्याची ताकद कमी, सुताला तर जवळजवळ नाहीच. पण म्हणून सुती टोपी आणखी आवळून विणू नका, ती कपाळाला काचेल. तिथे ५ टक्के पुरे, आणि काही दिवसांनी ती सैल होणार हे गृहीत धरा.

लोकर आणि सुया

मेंढीच्या लोकरीचा धागा मुळातच कुरळा असतो. त्या वेटोळ्यांमध्ये हवा अडकते आणि ऊब ती अडकलेली हवा देते, धागा नव्हे. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. घाम आला, धुकं लागलं, तरी डोकं गार पडत नाही. सूत ओलं झालं की अंगाला चिकटून उलट गारवा देतं. म्हणून थंडीच्या टोपीला लोकरच, नाहीतर निदान निम्मी लोकर असलेला मिश्र धागा.

लोकर टोचते अशी तक्रार असते, आणि ती खोटी नाही. कपाळाची कातडी हातापेक्षा नाजूक. विकत घेताना गुंडा तळहातावर घासून बघू नका, मानेला किंवा हनुवटीखाली लावून बघा. मेरिनो मेंढीची लोकर बारीक तंतूंची असते, ती बहुतेकांना चालते. ज्याला कुठलीच लोकर सोसत नाही त्याच्यासाठी बॉर्डरच्या आत मऊ सुती किंवा फ्लीसची पट्टी शिवता येते, त्याबद्दल पुढे.

पहिल्या टोपीला फार बारीक धागा घेऊ नका. मध्यम जाडीची, म्हणजे डीके नावाने मिळणारी लोकर, ४ मिलिमीटरच्या सुया. जुन्या इंग्लिश क्रमांकात ही ८ नंबरची सुई. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते, त्यामुळे १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर. आपल्याकडच्या सुयांवर कोणता क्रमांक कोरलाय ते ओळखता येत नसेल तर मिलिमीटरच मोजा. दुमडलेल्या बॉर्डरच्या मोठ्या टोपीला साधारण २०० ते २२० मीटर धागा लागतो. डीके लोकरीच्या १०० ग्रॅमच्या गुंड्यात सहसा तेवढाच असतो, त्यामुळे वजनाकडे नाही, पट्टीवर छापलेल्या मीटरकडे बघा. गोंडा लावायचा असेल तर ५० ग्रॅम जास्तीचे.

रंग गडद घेतला तर रात्री दिव्याखाली टाके दिसत नाहीत. पहिली टोपी काळी नको.

सुया तीन प्रकारे चालतात. ४० सेंटिमीटरची गोल सुई, म्हणजे लवचीक वायरने जोडलेली दोन टोकं, असेल तर टोपीचं अंग झपाट्याने होतं, पण माथ्याकडे टाके कमी झाले की ते तिच्यावर पोहोचत नाहीत. तिथून पुढे दोन्हीकडे टोक असलेल्या पाच सुयांचा संच लागतो. ८० ते १०० सेंटिमीटरची लांब गोल सुई असेल तर जास्तीची वायर मध्येच बाहेर ओढून एकाच सुईवर सगळी टोपी होते. आणि घरात फक्त लांब सरळ सुया असतील तरी अडत नाही, टोपी सपाट विणून मागे शिवता येते.

नमुन्याचा तुकडा

हे वाचून पुढचा परिच्छेद गाळायचा मोह होईल. माझ्या त्या तीन टोप्या इथेच बिघडल्या होत्या.

ज्या लोकरीने आणि ज्या सुयांनी टोपी करायची, त्यांनीच ३४-३६ टाके घालून चांगला हातभर नाही तरी वीतभर तुकडा विणा. टोपीचं अंग जसं दिसणार, तशीच वीण. मग तो कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, न ताणता पसरून वाळवा. धुतल्यावर लोकर फुलते, टाके आपापल्या जागी बसतात, आणि कधीकधी माप चांगलंच बदलतं. वाळल्यावर तुकड्याच्या मधोमध, कडा सोडून, १० सेंटिमीटरमध्ये किती टाके येतात ते मोजा. अर्धा टाका आला तर अर्धाच लिहा. ओळीही मोजून ठेवा.

एखाद-दुसऱ्या टाक्याने काय होतं? समजा तुम्ही १० सेंटिमीटरला २२ टाके धरून ११२ टाके घातले. घेर झाला सुमारे ५१. हात जरा सैल पडून २१ टाके येत असतील, तर त्याच ११२ टाक्यांचा घेर ५३ च्या वर. २० येत असतील तर ५६, म्हणजे डोक्याएवढाच, आणि अशी टोपी वाऱ्याच्या पहिल्या झुळुकीला हातात धरावी लागते. २४ येत असतील तर ४७ च्याही आत, ती डोक्यात घालायलाच दोन माणसं लागतील. एकाच पुस्तकातली, एकाच लोकरीची टोपी, आणि चार हातांत चार मापं.

गोल विणणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. गोल विणताना आपण सतत सुलट बाजूनेच विणतो, सपाट विणताना एक ओळ सुलट, एक उलट. पुष्कळांचा उलट टाका सुलटपेक्षा सैल पडतो, त्यामुळे सपाट नमुन्याचं माप गोल टोपीला लागू पडतंच असं नाही. उपाय असा: दोन टोकी सुईवर किंवा गोल सुईवर ओळ संपली की काम न उलटता टाके परत सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, धागा मागून सैल आणा आणि पुन्हा सुलटच विणा. मागे धाग्यांच्या लोंबत्या ओळी राहतील. नमुना कुरूप दिसेल, पण खरं बोलेल.

आकडेमोड

सूत्र एवढंच: टोपीचा घेर गुणिले एका सेंटिमीटरमधले टाके.

वरचंच उदाहरण घेऊ. डोकं ५६, त्यातून ९ टक्के वजा, म्हणजे ५१. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२, म्हणजे सेंटिमीटरला २.२ टाके. ५१ गुणिले २.२ म्हणजे ११२. हा आकडा ८ ने भागला जातो, कारण माथा ८ पाकळ्यांमध्ये, म्हणजे ८ सारख्या भागांत, कमी करायचा आहे. आणि ४ नेही भागला जातो, कारण बॉर्डर दोन सुलट, दोन उलट अशी आहे. तुमचं उत्तर ११५ आलं तर ११२ घ्या, ११७ आलं तर १२०. दोन्हींच्या मधोमध आलं तर मी खालचा आकडा घेते, लोकर असेल तर. ॲक्रिलिक असेल तरीही, खरं म्हणजे, कारण ते वापरून सैलावतंच.

जाड लोकरीची मुलाची टोपी: डोकं ५०, टोपी ४५, नमुना १० सेंटिमीटरला १८. ४५ गुणिले १.८ म्हणजे ८१, म्हणून ८० टाके. पद्धत तीच.

बॉर्डर

बॉर्डर अंगापेक्षा एक-दोन माप बारीक सुईने विणा. अंग ४ मिलिमीटरने असेल तर बॉर्डर ३.२५ किंवा ३.५ ने. टाके मात्र बारीक सुईवर आवळून घालू नका. बहुतेक टोप्या इथे फसतात: सगळं अंग छान ताणलं जातं आणि काठाची पहिलीच ओळ दोरीसारखी कपाळाला करकचते. अंगठ्यावर धागा घेऊन टाके घालण्याची पद्धत लवचीक काठ देते. दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर टाके घाला आणि मग एक सुई ओढून काढा. नाहीतर प्रत्येक दोन टाक्यांमध्ये थोडंसं अंतर राखा. घातल्यावर काठ दोन्ही हातांनी ताणून बघा. डोक्याच्या घेराएवढा ताणला जात नसेल तर आत्ताच उसवा. आत्ता पाच मिनिटं जातील.

या पद्धतीत सुरुवातीला शेपटी किती सोडायची हा नेहमीचा घोळ. १११ टाके घातले आणि शेवटच्याला धागा संपला, असं प्रत्येकाचं एकदा होतं. सुईभोवती धाग्याचे १० वेढे घ्या, सोडवून लांबी मोजा, टाक्यांच्या हिशेबाने गुणा आणि वीतभर जास्त धरा.

गोल विणत असाल तर जोडण्याआधी काम टेबलावर पसरा आणि सगळ्या टाक्यांचा खालचा काठ आतल्या बाजूला आहे ना, ते नजरेने फिरून बघा. एक पीळ राहिला तर तो पुढे कधीच निघत नाही, उसवण्यावाचून गत्यंतर नसतं. आठ-दहा फेऱ्या झाल्यावर हे लक्षात येण्याचा अनुभव मला दोनदा आला आहे, दोन्ही वेळा रात्री उशिरा. फेरीच्या सुरुवातीला वेगळ्या रंगाच्या धाग्याचं छोटं वेटोळं मार्कर म्हणून अडकवा.

मग दोन सुलट, दोन उलट, फेरीमागून फेरी. साधी, न दुमडणारी बॉर्डर ५ ते ६ सेंटिमीटर. वर दुमडायची असेल तर दुप्पट, ११ ते १२. माझं मत विचाराल तर दुमडणारीच करा. कानांवर दोन थर येतात, म्हणजे जिथे थंडी बोचते तिथेच ऊब दुप्पट होते. शिवाय उंचीचा अंदाज थोडा चुकला तरी दुमड कमी-जास्त करून टोपी बसवता येते. वाढत्या मुलांच्या टोपीला तर हे वरदान. पहिल्या वर्षात बाळाच्या डोक्याचा घेर ११ सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, त्यानंतर वाढ मंदावते, त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाची नीट मापाची टोपी दोन-तीन हिवाळे सहज जाते.

अंग

बॉर्डर झाली की जाड सुया घ्या आणि सगळे टाके सुलट विणत चला. इथे विचार करण्यासारखं काही नाही, गप्पा मारत विणण्याचा हा भाग आहे.

किती विणायचं ते मात्र ठरवून घ्या. माथा कमी करायला ज्या फेऱ्या लागतात त्यांची उंची एकूण उंचीतून वजा करायची. आपल्या ११२ टाक्यांच्या टोपीत माथ्याला २० फेऱ्या लागतात. नमुन्यात १० सेंटिमीटरला ३० ओळी आल्या असतील तर २० फेऱ्या म्हणजे जवळपास ६.५ सेंटिमीटर. एकूण उंची २२, वजा ६.५, म्हणजे काठापासून १५.५ सेंटिमीटर झाल्यावर घट सुरू करायची. बॉर्डर दुमडायची असेल तर हे माप दुमडीच्या खालच्या घडीपासून घ्या, टाके घातलेल्या काठापासून नाही. मोजताना टोपी सुईवर असतानाच सपाट ठेवा आणि हाताने ओढू नका; उभं ओढून मोजलेली टोपी घालताना नेमकी तेवढीच आखूड निघते.

माथा

आठ पाकळ्या, प्रत्येकीत १४ टाके. घटीच्या फेरीत प्रत्येक पाकळीच्या शेवटी दोन टाक्यांचा एक करायचा, म्हणजे फेरीत ८ टाके कमी होतात.

पहिली घटीची फेरी: १२ सुलट, दोन टाक्यांचा एक; असं आठ वेळा. उरले १०४. पुढची फेरी नुसती सुलट.
मग ११ सुलट, दोन टाक्यांचा एक, उरले ९६. पुन्हा एक फेरी सुलट.

असं एकाआड एक करत ५६ टाक्यांपर्यंत, म्हणजे प्रत्येक पाकळीत ७ उरेपर्यंत या. इथवर घटीच्या ७ आणि साध्या ७ फेऱ्या झाल्या. इथून पुढे साधी फेरी नको, प्रत्येक फेरीत घट: ५ सुलट आणि दोनाचा एक, मग ४ सुलट, ३, २, १, आणि शेवटी नुसते दोन-दोन टाक्यांचे एक. सहा फेऱ्यांत टाके ५६ वरून ८ वर येतात.

दर वेळी आकडे आठवण्याची गरज नाही. मागच्या घटीचा टाका जरा उठून दिसतो; त्याच्या आधीचा टाका आणि तो, या दोघांचा एक करायचा. सगळ्या घटी एकाच दिशेला झुकत असल्यामुळे माथ्यावर भोवऱ्यासारखी नक्षी उमटते.

आधी एकाआड एक आणि मग प्रत्येक फेरीत, असा हा क्रम का? सुरुवातीपासून प्रत्येक फेरीत घट केली तर माथा झटकन मिटतो आणि टोपी डब्याच्या झाकणासारखी चपटी, कडेला चुण्या पडलेली होते. शेवटपर्यंत एकाआड एक केली तर वर शेंडा निघतो. एखाद्या मुलाला तसा शेंडाच हवा असतो, मग खुशाल तसं करा, फक्त अंगाची उंची त्या हिशेबाने कमी धरा. मधला मार्ग डोक्याच्या गोलाईला जुळतो.

टाक्यांची संख्या वेगळी असली तरी नियम तोच: निम्मे उरेपर्यंत एकाआड एक, नंतर प्रत्येक फेरीत. ८० टाक्यांच्या टोपीत ४० पर्यंत एकाआड एक येतं, पुढे चार फेऱ्या.

शेवटचे ८ टाके. धागा वीतभर सोडून कापा, बोथट टोकाच्या मोठ्या सुईत ओवा, आठही टाक्यांतून दोनदा फिरवा आणि ओढून भोक मिटवा. एकदाच फिरवलं तर वर्षभराने तिथे भोक पडतं. टोक आत नेऊन मागच्या बाजूला चार-पाच टाक्यांतून उलटसुलट घालून मुरवा.

सरळ सुयांवर करायची असेल तर

शिवणीसाठी दोन टाके जास्त घाला, म्हणजे ११४. बॉर्डरची ओळ दोन सुलटने सुरू होऊन दोन सुलटनेच संपेल. दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत जातो, उरलेले एकेक मिळून दोन सुलट होतात आणि पट्टी न तुटता गोल फिरते. उलट बाजूच्या ओळीत दिसतील तसे टाके विणा. अंगात एक ओळ सुलट, एक उलट. माथ्यावर सुलट बाजूच्या ओळीत पहिला टाका कडेचा म्हणून सोडा, मग वरचाच हिशेब आठ वेळा, शेवटचा टाका कडेचा. ५६ नंतर उलट बाजूनेही घट करावी लागते. तिथे दोन उलट टाक्यांचा एक करा.

शिवताना दोन्ही कडा सुलट बाजू वर करून शेजारी ठेवा. कडेच्या टाक्याच्या आत ज्या आडव्या काड्या दिसतात त्यांतून एकदा इकडे, एकदा तिकडे अशी सुई घेत या आणि दर चार-पाच वेळा धागा हलकेच ओढा. शिवण दिसेनाशी होते. बॉर्डर दुमडणारी असेल तर दुमडीच्या जागी बाजू बदला, खालचा अर्धा भाग आतल्या बाजूने शिवा. नाहीतर वर दुमडल्यावर नेमकी शिवणीची मागची बाजू लोकांना दिसत राहते.

ऊब वाढवायची तर

शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असं आपण ऐकत आलो आहोत. ते खरं नाही. मोठ्या माणसात डोकं हे शरीराच्या पृष्ठभागाच्या एक दशांशाच्या आसपास आहे आणि उष्णताही साधारण तेवढ्याच प्रमाणात जाते. बाळांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, त्यांना टोपीची गरज जास्त. पण उघड्या कानांना बोचणारा वारा कुठल्याही आकडेवारीने कमी बोचत नाही, तेव्हा टोपी हवीच.

वारा हा विणलेल्या टोपीचा खरा शत्रू. थंडी स्थिर हवेत असेल तर एक थर पुरतो. वारा टाक्यांमधून आरपार जातो. गुंड्याच्या पट्टीवर लिहिलंय त्यापेक्षा एक माप बारीक सुई घेतली तर वीण दाट होते. त्याहून बारीक नको, टोपी पुठ्ठ्यासारखी होते आणि ताण हरवते. दुसरा उपाय म्हणजे दोन रंगांची नक्षी, जिच्यात न वापरलेला धागा मागून धावत असतो. कापड जवळजवळ दुप्पट जाड होतं. पण ते कमी ताणलं जातं, म्हणून घेरातून ९ टक्के नव्हे, ४-५ टक्केच वजा करा आणि नमुना नक्षीचाच विणा.

मला सर्वांत आवडणारा उपाय अस्तराचा. फ्लीसची ८ सेंटिमीटर रुंद पट्टी, टोपीच्या नव्हे तर डोक्याच्या घेराएवढी लांब अधिक शिवणीचे दोन सेंटिमीटर, जोडून गोल करायची आणि बॉर्डरच्या आत कानांवर येईल अशी शिवायची. शिवताना टोपी ताणून धरायची आणि टाके तिरके, सैल घालायचे. सरळ घट्ट टीप घातली की टोपीचा ताण संपला. ज्यांना लोकर टोचते त्यांचाही प्रश्न याच पट्टीने सुटतो.

तान्ह्या बाळाच्या टोपीला गोंडा, मणी, लांब नाड्या लावू नका. ओढून तोंडात जातात. आणि घरात झोपवताना टोपी काढून ठेवा, बाळ आपली जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यातूनच बाहेर टाकतं.

बसली नाही तर

टोपी जरा घट्ट असेल आणि लोकरीची असेल तर कोमट पाण्यात भिजवून, पिळून नव्हे तर दाबून पाणी काढून, डोक्याच्या घेराएवढ्या वाडग्यावर किंवा फुगवलेल्या फुग्यावर चढवून वाळू द्या. तीन-चार सेंटिमीटर मिळतात. ॲक्रिलिकला हा उपाय लागू पडत नाही.

सैल असेल तर बॉर्डरच्या आतून बारीक इलॅस्टिकचा धागा दोन ओळींत ओवून घ्या. ही मलमपट्टी झाली, पण चालते. फार सैल असेल तर उसवा. लोकर वाया जात नाही. धाग्याची लडी करून भिजवली आणि वजन न लावता टांगून वाळवली की वळ्या निघून जातात.

उंची चुकली असेल तर माथा उसवून अंगात फेऱ्या वाढवता किंवा कमी करता येतात. टाके घातलेल्या काठाकडून मात्र विणकाम सहज उसवत नाही, म्हणून दुरुस्ती नेहमी वरून करायची.

मुद्दाम आकसवायचा मार्गही आहे, पण जपून. गरम पाणी, साबण आणि चोळणं यांनी लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड घट्ट, नमद्यासारखं होतं. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये खलाशी आणि सैनिक ज्या मॉनमाउथ टोप्या वापरत त्या विणून मग अशाच आटवलेल्या असत. त्या काळी लोकरी टोपी इतकी महत्त्वाची होती की १५७१ च्या एका कायद्याने सहा वर्षांवरच्या बहुतेक सामान्य लोकांना रविवारी आणि सणाच्या दिवशी ती घालणं सक्तीचं केलं होतं; १५९७ मध्ये तो कायदा मागे घेतला गेला. आटलेली लोकर पुन्हा सुटत नाही. मशीनमध्ये गरम पाण्यात चुकून गेलेली टोपी बाहुलीला होते, आणि ज्या धाग्याच्या पट्टीवर ‘सुपरवॉश’ लिहिलेलं असतं तो मुळीच आटत नाही, त्यामुळे आटवायची योजना असेल तर आधी नमुन्याच्या तुकड्यावर करून बघा.

रोजच्या धुण्याला कोमट पाणी, लोकरीचा सौम्य साबण, दहा-पंधरा मिनिटं भिजवणं, न चोळता दाबणं. वाळवताना दोरीवर चिमट्याने टांगू नका, ओल्या टोपीच्या वजनाने माथा लांबतो. टॉवेलवर सपाट, सावलीत, मध्ये एकदा उलटून. गोंडा असेल तर धुण्याआधी सोडवून ठेवता यावा म्हणून तो पक्का शिवण्याऐवजी धाग्याच्या दोन टोकांनी आतून गाठ मारून बांधा.

नमुन्याचा तुकडा फेकू नका. त्यावर कागदाची चिठ्ठी लावून सुईचं माप, टाके, ओळी आणि कोणाच्या डोक्यासाठी किती टाके घातले ते लिहून ठेवा. पुढच्या थंडीत तोच माणूस दुसरी टोपी मागायला येतो.